पाचवीतल्या मुलाला धडा ऐकून कळतो, वाचून कळत नाही: यंत्राची मदत कोठे आणि किती घ्यावी?

कर्वेनगरकर_आई:

नमस्कार. माझा मुलगा पुण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवीत शिकतो. दोन महिन्यांपूर्वी त्याची रीतसर तपासणी झाली. डोळे आणि कान व्यवस्थित आहेत, बुद्धी वयाला साजेशी आहे, परंतु वाचन आणि लेखन या दोन्ही बाबतींत विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे बोलीभाषेत ज्याला आपण डिस्लेक्सिया म्हणतो ती, असल्याचे सांगण्यात आले. आठवड्यातून दोनदा तो रेमेडियल (उपचारात्मक अध्यापन करणाऱ्या) शिक्षिकांकडे जातो.

परवाचा प्रसंग सांगते, म्हणजे अडचण नेमकी कोणती ते लक्षात येईल. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो परिसर अभ्यासाचे अर्धे पान वाचत होता. ‘पर्वत’ हा शब्द पहिल्या ओळीत त्याने ‘पवत’ असा वाचला, दुसऱ्या ओळीत ‘परवत’ असा, आणि चौथ्या ओळीत पुन्हा ‘पवत’. अर्ध्या पानाला बारा मिनिटे लागली आणि शेवटी पान कशाविषयी होते, हे त्याला सांगता आले नाही. मग पोळ्या लाटता लाटता मी तेच पान मोठ्याने वाचून दाखवले. माझे वाचून होताच त्याने विचारले, “मग ताम्हिणीत एवढा धो धो पाऊस पडतो आणि तिथून इतक्या जवळ असून आपल्याकडे कमी, हे डोंगरामुळेच ना?”

हे पाहिल्यापासून त्याला सर्वच विषय फोनवरून किंवा संगणकावरून ऐकवावेत असे मला वाटू लागले आहे. माझे सासरे निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांचा याला विरोध आहे. हाताशी कुबडी ठेवली की पाय चालायचे विसरतात, असे त्यांचे म्हणणे आहे. ते मुलावर चिडत नाहीत, रोज संध्याकाळी त्याला घेऊन बसतात, त्यामुळे त्यांचे मत मला सहज बाजूला सारता येत नाही. ऐकण्याची सवय लागल्यावर वाचन खरोखरच मागे पडते का, आणि मराठीसाठी आज प्रत्यक्षात चालणारी साधने कोणती आहेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे. इंग्रजीविषयी माहिती पुष्कळ मिळते. मराठीविषयी मात्र हाती काहीच लागत नाही.

विशेष_शिक्षिका:

ताई, आपल्या सासऱ्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि त्या अर्ध्यासाठी त्यांचे आभार मानायला हवेत.

मी गेली अनेक वर्षे अशा मुलांना शिकवते. पालकांना माझे पहिले सांगणे असे असते की वाचनाचा वेळ आणि विषयाचा वेळ यांची फारकत करा. वाचनाच्या वेळात यंत्राने मुलाच्या ऐवजी वाचायचे नाही; तेथे अक्षर, स्वरचिन्ह, जोडाक्षर आणि शब्द असा क्रमाने, रोज थोडा थोडा सराव माणसाबरोबर व्हायला हवा. विषयाच्या वेळात मात्र पाऊस डोंगराच्या एका बाजूला का अडतो हे समजणे महत्त्वाचे असते आणि ते समजण्यासाठी आधी ‘पर्वत’ हा शब्द फोडता येण्याची अट घालण्यात काहीच अर्थ नाही. आज ही अट घातली, तर आठवीपर्यंत मुलाचे वाचन मागे राहीलच, शिवाय शब्दसंग्रह आणि सामान्य ज्ञानही मागे पडेल, कारण वरच्या इयत्तांमध्ये नवे शब्द मुख्यतः पुस्तकांतूनच भेटतात. जो वाचत नाही त्याला ते कानावाटे भेटवावे लागतात. ज्या महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या लोक कीर्तन ऐकून शहाणे झाले, तेथे ऐकून शिकणे कमी प्रतीचे का मानले जाते, हे मला आजवर समजलेले नाही.

संशोधनाचे म्हणाल, तर वाचनात अडचण असलेल्या विद्यार्थ्यांना मजकूर ऐकवल्याने आकलन सुधारते का, या प्रश्नावरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सरासरी परिणाम ०.३५ इतका आढळला. संख्याशास्त्राच्या भाषेत हा परिणाम लहान ते मध्यम समजला जातो, म्हणजे उपयोग आहे, चमत्कार नाही. हे मोजमाप मजकूर समजण्याचे होते. ऐकल्यामुळे शब्द फोडून वाचण्याची क्षमता आपोआप येते, असा दावा त्यात नाही, आणि आपल्या सासऱ्यांचे म्हणणे बरोबर ठरते ते नेमके येथे.

ऐकवण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. मुलगा पलंगावर लोळत ऐकत असेल तर ती गोष्ट ऐकणे झाले, आणि तेही चांगलेच आहे. पण अभ्यास म्हणून ऐकताना पुस्तक समोर असावे, बोट किंवा पट्टी ओळीखाली सरकत असावी, वाचण्याचा वेग नेहमीच्या बोलण्यापेक्षा किंचित कमी असावा आणि दर परिच्छेदानंतर थांबून त्याने दोन वाक्यांत सांगावे. आमच्याकडे एक मुलगी आवाज सुरू करून खिडकीबाहेर पाहत बसायची. पंधरा दिवसांनी तिच्या आईने उपयोग होत नसल्याची तक्रार केली, तेव्हा चूक यंत्राची नव्हती.

आपल्या मुलाचा ‘पर्वत’ मला फार ओळखीचा वाटला. देवनागरीत अडखळण्याच्या जागा इंग्रजीपेक्षा वेगळ्या आहेत. रफार उच्चारात आधी येतो आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते पण उच्चारताना नंतर येते. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य या जोड्या एकमेकींसारख्या दिसतात. एकटा ‘र’ तर ‘पर्वत’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ या चार शब्दांत चार वेषांत येतो. त्याच्या चुकांची एक वही ठेवा. कोणत्या वेषातला ‘र’ त्याला अडवतो हे महिन्याभरात कळेल आणि रेमेडियल शिक्षिकांना त्या वहीचा उपयोग होईल.

जाता जाता खरेदीविषयी लिहिते. डिस्लेक्सियासाठी म्हणून विकले जाणारे रंगीत चष्मे आणि रंगीत पारदर्शक कागद यांवर पैसे घालवू नका. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी २००९ मध्येच संयुक्त निवेदन काढून त्यांना शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट केले आहे. ओळीवरून फिरवून शब्द वाचणारे पेन घ्यायचे असेल, तर दुकानातच मराठीचे पाठ्यपुस्तक पुढे करून पाहा. ते देवनागरी वाचत नसेल तर परत ठेवा.

शिरोरेषा:

मी भारतीय भाषांच्या संगणकीय वापराशी संबंधित काम करतो, त्यामुळे विशेष शिक्षिका यांनी न हाताळलेली यंत्राची बाजू सांगतो.

बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात. अशी कोणतीही मराठी पीडीएफ ऐकवण्याआधी एक चाचणी करावी: तीतील एक ओळ निवडून कॉपी करावी आणि कोऱ्या पानावर पेस्ट करावी. ओळ जशीच्या तशी मराठीत उमटली, तर फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवण्याच्या पद्धतीत, आहे आणि पुढचे काम सोपे आहे. मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा गुंता उमटला, तर ती फाइल जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बनवलेली आहे. मराठी छपाईचे जग वर्षानुवर्षे अशा फॉन्टवर चालले. त्यांत पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी संगणकाच्या लेखी तेथे भलतेच रोमन अक्षर असते. डोळ्यांना फरक जाणवत नाही, परंतु वाचून दाखवणारे यंत्र डोळ्यांनी वाचत नाही, आत साठवलेले वाचते. मराठी वाचन येत नाही म्हणून अनेक पालक फोनला दोष देतात, तेव्हा खरा दोष बहुधा फाइलचा असतो.

फाइल युनिकोडमध्ये असेल, तर संगणकावर ती मायक्रोसॉफ्ट एज या ब्राउझरमध्ये उघडावी आणि कंट्रोल, शिफ्ट आणि यू या कळा एकत्र दाबाव्यात. त्यात आरोही आणि मनोहर असे मराठीचे दोन आवाज आहेत, वेग कमी-जास्त करता येतो आणि वाचला जाणारा शब्द पडद्यावर ठळक होतो. हा शब्द ठळक होण्याचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण कान आणि डोळे एकाच शब्दावर राहतात. ॲन्ड्रॉइड फोनमध्ये ॲक्सेसिबिलिटी या सदरात ‘सिलेक्ट टू स्पीक’ नावाची सोय असते; ती सुरू करून मजकुरावर बोट ठेवले की तेवढा भाग वाचला जातो.

फाइल जुन्या फॉन्टमध्ये असेल किंवा हातात फक्त छापील पान असेल, तर गूगल लेन्सने पानाचा फोटो घेऊन त्यातील मजकूर काढता येतो. पानाचा फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून तो गूगल डॉक्समध्ये उघडला तरी मजकूर वेगळा होऊन मिळतो. फोटो दिवसाच्या उजेडात आणि पान सपाट धरून घ्यावा. निघालेला मजकूर मुलाला देण्यापूर्वी एकदा मोठ्या माणसाने वाचलाच पाहिजे, कारण घ-ध आणि ब-व यांत घोटाळा करण्याची खोड यंत्रालाही आहे आणि अनुस्वार तर ते सहज गिळून टाकते. ज्या मुलाचा स्वतःच्या वाचनावर विश्वास नाही, त्याला चुकीचा मजकूर देणे हा अन्याय आहे.

अक्षरांच्या आकाराविषयीही थोडे सांगावेसे वाटते. अक्षरांमधील अंतर वाढवल्यास डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचे वाचन सुधारते, असे २०१२ मध्ये इटालियन आणि फ्रेंच मुलांवरील एका अभ्यासात दिसले होते आणि तेव्हापासून ही सूचना सर्वत्र दिली जाते. मराठीत ती आंधळेपणाने पाळू नये. अक्षरांमधील अंतर वाढवले की देवनागरीची शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे पडतात आणि मुलाला शब्द कोठे संपतो तेच कळेनासे होते. त्याऐवजी अक्षर मोठे करावे, दोन ओळींमधले आणि दोन शब्दांमधले अंतर वाढवावे.

यंत्राचे उच्चारही सर्वस्वी विश्वासार्ह नाहीत. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी ते वेगळे दाखवत नाही. ‘जरा थांब’ मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा हे लिहायला एकच आहेत. आपण संदर्भावरून ओळखतो, यंत्र कधी ओळखते तर कधी नाही.

आता शेवटची गोष्ट, जी माझ्या मते ऐकण्याइतकीच उपयोगी आहे. मुलाला इन्स्क्रिप्ट कळफलकावर मराठी टंकलेखन शिकवावे. त्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने असतात, आणि शब्द ज्या क्रमाने उच्चारतो त्याच क्रमाने कळा दाबायच्या असतात. ‘पर्वत’ लिहिताना प, र, पाय मोडण्याची खूण, व, त असा क्रम येतो; इंग्रजी कळांच्या भाषेत एच, जे, डी, बी, एल. रफार कोणाच्या डोक्यावर बसवायचा हे मुलाला ठरवावेच लागत नाही, तो आपोआप जागेवर जाऊन बसतो. ‘कि’ लिहितानाही आधी क आणि मग वेलांटी. कागदावर उलटसुलट दिसणारा क्रम येथे कानाच्या क्रमाशी जुळतो, आणि ‘र’ कोठे आहे हे मुलाला बोटांनी कळते. इंग्रजी अक्षरांतून मराठी टंकण्याची पद्धत मोठ्यांना सोयीची असते, परंतु या मुलांसाठी ती मी टाळली असती, कारण तीत आधी इंग्रजी स्पेलिंगचे ओझे येते.

कर्वेनगरकर_आई:

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री आमच्याकडे असलेल्या एका जुन्या गोष्टीच्या पीडीएफवर ती चाचणी केली आणि पानावर खरोखरच रोमन अक्षरांचा गुंता उमटला. महिनाभर मी फोनची भाषा बदलून पाहत होते! आता दोन शंका उरल्या आहेत. पाठ्यपुस्तकाचे असे रूपांतर करणे कायद्याला धरून आहे का? आणि परीक्षेत यातले काय चालते?

मागच्या_बाकावरून:

मी तज्ज्ञ नाही. माझे वय ३४ आहे, भोसरीतील एका कारखान्यात आरेखनाचे काम करतो आणि मला स्वतःला डिस्लेक्सिया आहे. मला हे निदान वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळले. शाळेत मी आळशी होतो, एवढेच निदान तेव्हा उपलब्ध होते.

ताईंच्या मुलाला आज उपयोगी पडेल अशी एक सवय सांगतो. मी कोणताही मजकूर पाठवण्याआधी फोनकडून वाचून घेतो. लिहिताना गळलेला शब्द, दोनदा आलेला शब्द, ‘नाही’ राहून गेल्याने उलटा झालेला अर्थ या चुका मला डोळ्यांनी दिसत नाहीत, कानाला मात्र लगेच खटकतात. हा मजकूरही मी बोलून लिहिला आणि दोनदा ऐकला आहे. तरीही ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ऐकून सापडतीलच असे नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ माझ्या फोनवर मला सारखेच ऐकू येतात. त्यासाठी मी वर्षानुवर्षे एक छोटी वही खिशात ठेवली आहे आणि तिच्यात नेहमी लागणारे शब्द आहेत.

बोलून लिहिण्याविषयीही सावध करतो. मोठ्यांचा आवाज फोनला बऱ्यापैकी समजतो, लहान मुलांचा कमी समजतो. मूल शब्द शोधत थांबले की फोन वाक्य संपले असे समजतो, आणि विरामचिन्हे बहुतेक वेळा हातानेच द्यावी लागतात. माझ्या पुतण्याने पहिल्याच दिवशी चिडून फोन आपटला होता. आता तो आधी वाक्य मनात पूर्ण तयार करतो आणि मग एका दमात बोलतो. निबंध बोलून लिहिताना वाक्य आधी मनात जुळवावे लागते, ही सवय मला शाळेत कोणीच लावली नव्हती.

आजोबांना माझा नमस्कार सांगा. माझ्यासोबत संध्याकाळी कोणी बसले असते, तर बरे झाले असते.

हडपसरचे_गुरुजी:

मी महानगरपालिकेच्या शाळेत शिकवतो. वरील चर्चा वाचून समाधान वाटले आणि थोडी चिडचिडही झाली, कारण येथे प्रत्येकाच्या घरी संगणक, फावला वेळ आणि शांत खोली गृहीत धरलेली दिसते. माझ्या वर्गातील बहुतेक घरांत एकच स्मार्टफोन आहे, तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री आठनंतर मुलाच्या हाती येतो, तोपर्यंत त्यातला डेटाही संपलेला असतो. तपासणी तर दूरच राहिली. माझ्याकडे निदान झालेली मुले नाहीत, अडखळणारी मुले आहेत, आणि त्यांतील कोणाला अध्ययन अक्षमता आहे आणि कोणाला केवळ सराव मिळालेला नाही, हे मला वर्गात बसून सांगता येत नाही.

तरीही जे जमले ते सांगतो. गूगलने २०१९ मध्ये हिंदी आणि इंग्रजीसाठी ‘बोलो’ नावाचे वाचनाचे ॲप आणले, पुढे ते मराठीतही आले आणि त्याचे नाव ‘रीड अलाँग’ झाले. त्यात मूल मोठ्याने वाचते, ॲप ऐकते आणि अडलेला शब्द उच्चारून दाखवते. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटशिवाय चालत असल्याने मी ते माझ्या स्वतःच्या फोनवर वापरले. विशेष शिक्षिका यांनी वाचनाच्या वेळात यंत्र नको असे सुचवले आहे, तेथे माझा अनुभव वेगळा आहे. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे वाचन ऐकायला माणूसच नसतो, आणि चारचौघांत वाचायला लाजणारा मुलगा फोनसमोर न लाजता चार वेळा चुकतो. अडचण गोंगाटाची आली. वर्गातल्या आवाजात ॲप बरोबर वाचलेलेही चूक ठरवू लागले, म्हणून मी तीन-तीन मुलांना व्हरांड्याच्या टोकाला बसवू लागलो.

प्रथम बुक्स या संस्थेच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य आहेत, पायऱ्यांनुसार लावलेल्या आहेत आणि मुक्त परवान्याखाली असल्याने छापून वाटता येतात. मी त्यातल्या काही गोष्टी माझ्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून पालकांच्या गटावर पाठवल्या. फाइल लहान, डेटा कमी लागतो, साध्या फोनवर चालते आणि ‘च’, ‘ज’ चुकत नाहीत. मुलांना गुरुजींचा आवाज घरी ऐकायला मिळतो याची गंमत वाटते ती वेगळीच. एका मुलाची आजीही रोज रात्री त्या गोष्टी ऐकते असे मला सांगण्यात आले.

विशेष_शिक्षिका:

गुरुजी, आपली दुरुस्ती मला मान्य आहे. मुलाच्या ऐवजी वाचणारे यंत्र आणि मुलाचे वाचन ऐकून घेणारे यंत्र यांत मी फरक करायला हवा होता. दुसऱ्या प्रकारचे यंत्र वाचनाच्या वेळातही चालेल. प्राथमिक चाचपणीसाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, मानेसर यांनी विकसित केलेले ‘डाली’ हे साधन पाहावे. ते हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे आणि त्यात शिक्षकांनी पहिली-दुसरी आणि तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी वापरायचे वेगवेगळे भाग आहेत. ते वापरून निदान होत नाही, पण कोणाला पुढे तपासणीसाठी पाठवावे हे ठरवायला मदत होते.

ताईंच्या शंकांकडे वळते. प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, नेहमीच्या स्वरूपातील पुस्तक ज्यांना अपंगत्वामुळे वापरता येत नाही त्यांच्यासाठी, नफा न कमावता, सुलभ स्वरूपात त्याची प्रत करता येते. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठीचा माराकेश करार २०१४ मध्ये सर्वप्रथम भारताने अनुमोदित केला आणि त्यात केवळ दृष्टिहीनच नव्हे, तर वाचन अक्षमता असलेल्या व्यक्तीही येतात. त्यामुळे मुलाच्या अभ्यासासाठी घरी रूपांतर करण्यास हरकत नाही. ती फाइल सर्वांना वाटत सुटू नये. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाचे सदस्यत्वही त्याच्यासाठी मिळवता येईल.

परीक्षेसाठी प्रमाणपत्र लागते. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे आणि प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. खासगी तज्ज्ञांचा अहवाल रेमेडियलसाठी पुरतो, सवलतींसाठी सक्षम वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र मागितले जाते. २०१८ च्या सूचनांप्रमाणे ते आठव्या वर्षापासून मिळत होते आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होत होती. २०२४ मध्ये या सूचना सुधारण्यात आल्या आहेत, म्हणून अर्ज करताना चालू नियम पाहून घ्या. केंद्र शासनाने २०१८ मध्ये काढलेल्या लेखी परीक्षांच्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक, ताशी किमान वीस मिनिटे जादा वेळ आणि संगणकावर उत्तरे लिहिण्याचा पर्याय यांचा उल्लेख होता. प्रत्यक्षात कोणती सवलत कोणत्या अटीवर मिळेल हे परीक्षा मंडळ ठरवते, त्यामुळे नववीत प्रवेश होताच शाळेमार्फत लेखी विचारणा करावी. दहावीच्या डिसेंबरात धावपळ करणारे पालक मी दरवर्षी पाहते. जी सवलत परीक्षेत हवी असेल तिचा सराव वर्षभर आधी सुरू हवा. लेखनिकाला उत्तर सांगणे हेदेखील शिकावे लागते.

कर्वेनगरकर_आई:

सात आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण असे धागे बहुधा अर्धवट राहतात.

आमची घडी साधारण अशी बसली आहे. संध्याकाळी वीस मिनिटे वाचन आजोबांबरोबर, तेथे फोन नाही. जेवणानंतर परिसर अभ्यास किंवा इतिहास संगणकावर ऐकणे, पुस्तक समोर ठेवून. पहिले दहा दिवस तो पट्टी सरकवायला कंटाळत असे; आता पट्टी त्याची तोच घेऊन येतो. अर्धे पान वाचायला अजूनही नऊ-दहा मिनिटे लागतात, त्यात मोठा फरक नाही आणि रेमेडियल शिक्षिकांनीही इतक्यात तो अपेक्षू नये असे सांगितले आहे. परंतु मागच्या घटक चाचणीत परिसर अभ्यासाची तोंडी उत्तरे त्याने सर्व दिली, असे वर्गशिक्षिकांनी बोलावून सांगितले.

चुकांच्या वहीतून असे दिसले की ‘प्रकाश’ आणि ‘राष्ट्र’ त्याला फारसे अडवत नाहीत, रफार मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी अडवतो. इन्स्क्रिप्ट शिकवायला सुरुवात केली, तेव्हा त्याला आधी ‘दर्या’ आणि मग ‘दऱ्या’ लिहायला दिले. एकात साधा र आणि दुसऱ्यात शिफ्टची कळ धरून तोच र, बाकी सर्व कळा सारख्या. त्याने दोन्ही शब्द पाच-सहा वेळा लिहून पाहिले, संगणकाकडून वाचून घेतले आणि म्हणाला, “म्हणजे समुद्राचा आणि डोंगरातला र वेगळा आहे.” हे वाक्य आजोबांनी वहीत तारखेसह लिहून ठेवले आहे.

आजोबांचा विरोध पूर्ण मावळलेला नाही, त्याचे रूप बदलले आहे. संगणकाचे उच्चार त्यांना सहन होत नाहीत. ते शेजारी बसून ऐकतात, ‘च’ किंवा ‘ज’ चुकला की पेन्सिलने शब्द टिपून घेतात आणि धडा संपल्यावर नातवाला यादीतले शब्द बरोबर म्हणून दाखवायला सांगतात. आतापर्यंत तीस शब्द झाले आहेत, त्यांतील चार नातवाने पकडलेले आहेत.

आता एकच गोष्ट अडली आहे, ती गणितातील शाब्दिक उदाहरणांची. उदाहरणाची भाषा त्याला ऐकून समजते, पण अपूर्णांक आला की आमचा फोन तो भलताच काही वाचतो आणि मुलगा गोंधळून जातो. यावर कोणी मार्ग काढला आहे का?

शिरोरेषा:

अपूर्णांक अंकांत ठेवू नका. मजकूर डॉक्समध्ये घेतल्यावर तेवढाच भाग ‘तीन छेद चार’ असा शब्दांत लिहा, आणि छापील अपूर्णांक त्याच्या वहीत त्याच्याकडूनच लिहून घ्या. एका धड्यात असे दहा-पंधरा अपूर्णांक असतात. त्या दुरुस्त्या करण्याचे काम आजोबांकडे सोपवता येईल असे वाटते.